वसमतहून आलेल्या गोळ्या

या गोष्टीतला एक शब्दही माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेला नाही. बायकोला माहीत नाही. माय गेली, ती न कळताच गेली. कॉलेजात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे सर म्हणतात, हा माणूस मुळातच अबोल. अबोल? — मी काय काय बोलून बसलोय हे त्यांना कळलं, तर ते टेबल बदलून घेतील.

तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि हो, मी सांगेन त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. ही गोष्ट मनात मांडताना दर वेळी मी स्वतःला कुठंतरी थोडं बरं करून घेतो, असा मला संशय आहे. आज तसं होऊ द्यायचं नाही असं ठरवलंय. जमेल का? बघू.

आमचं गाव डोंगरकड्यापासून आत, पायी तासाभरावर. आबांची मेंढरं होती आणि थोडी कोरडवाहू जमीन. घरात शिकलेला पहिला माणूस म्हणजे माणिकदादा, माझा मोठा भाऊ, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. तो कळमनुरीला जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झाला आणि पहिलं काम काय केलं, तर मला मेंढरांमागून काढून आपल्या भाड्याच्या खोलीवर नेलं. त्याचं लग्न झालं तेव्हा मी दहावीत होतो. सुनंदावहिनी वसमतची. नव्या संसाराच्या एका खोलीत दीर — तिला काय वाटलं असेल? तिनं कधी दाखवलं नाही. बारावीपर्यंत मी तिच्या हातचं खाल्लं. पुढं बी.एस्सी.ला नांदेडला गेलो, तर ती एसटीच्या कंडक्टरजवळ डबा द्यायची आणि मी स्टँडवर उभा राहून घ्यायचो. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला कांदा. कांदा कधीही विसरली नाही.

नव्वदचं दशक संपता संपता, आमचा हिंगोली जिल्हा परभणीतून नुकताच वेगळा झाला होता तेव्हा, दादाचे पाय सुजायला लागले. मग चेहरा. मग जेवण जाईना. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्याचं कळलं तेव्हा दादा पस्तिशीच्याही आत होता. त्याला मूत्रपिंड कोण देणार, हा प्रश्न घरात निघाला. मायला साखरेचा आजार, आबांचं वय झालेलं. रक्तगट जुळत होता दोघांचा — वहिनीचा आणि माझा.

इथं मला थांबावंसं वाटतं. मी "मी देतो" म्हणालो होतो. खरंच म्हणालो होतो. पण वहिनीनं "भाऊजींचं शिक्षण चालू हाय, मी देते" म्हटल्यानंतर म्हणालो. आधी का नाही? तेवढ्या चार क्षणांत मी कशाची वाट पाहत होतो?

तर मूत्रपिंड वहिनीचं बसलं. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली आणि दादाच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला. आबांना मात्र एक कोडं पडलं होतं. दुसऱ्याचा अवयव अंगात राहतो कसा?

मी विचारलं, "आबा, मेंढी दुसरीचं कोकरू जवळ घेती का?"

"कशाला घेईल? हुंगती अन् ढुशी मारती."

"शरीर बी तसंच हुंगतं. दादाच्या गोळ्या त्याचं नाक बंद करून ठेवत्यात."

"किती दिस?"

"जन्मभर."

आबांनी जरा विचार केला. म्हणाले, "मंग गोळी चुकली की कोकरू गेलंच म्हण की." त्यांना एवढ्यात सगळं कळलं. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस! आणि मी — मला पुढं पदव्या मिळाल्या.

त्या गोळ्यांचं नाव सायक्लोस्पोरिन. मऊ कॅप्सूल, पाकीट फोडलं की उग्र वास येणारी. सकाळी आणि सांजच्याला, घड्याळ लावून. दादाच्या हातावर ती ठेवायचं काम वहिनीचं. आधी ती औषध नांदेडहून आणायची, दर महिन्याला बसनं. मग तिचा धाकटा भाऊ दिलीप वसमतच्या एका मेडिकलवर कामाला लागला. तो म्हणाला, अक्का, कशाला नांदेडची खेप, मी दुकानात मागवून ठेवतो. तेव्हापासून गोळ्या वसमतहून यायला लागल्या. हे लक्षात ठेवा — मला नाइलाजानं परत तिथं यायचंय.

तोवर मी एम.एस्सी. करून एका दूरच्या शहरात संशोधनाला लागलो होतो. आमच्या प्रयोगशाळेत यकृताच्या कर्करोगाच्या पेशी वाढवत. कुणा रुग्णाच्या गाठीतून कधीकाळी काढलेल्या, आणि तेव्हापासून बश्यांमधून वाढतच राहिलेल्या. औषधं यकृतात मोडली जातात, म्हणून औषधाचा पेशीवर ताण किती येतो हे बघायला त्या बऱ्या पडतात. मला विषय मिळाला तो असा — अवयव नाकारला जाऊ नये म्हणून देतात ती औषधं, आणि त्यांनी या पेशींवर येणारा ताण. यादीत पहिलंच नाव दादाच्या गोळीचं.

फार खोलात जात नाही. पेशीच्या आत प्रथिनांच्या घड्या घालण्याची एक जागा असते. तिथलं काम तुंबलं की पेशी एक ठरावीक प्रथिन जास्त बनवायला लागते. संकटात सापडलेल्या माणसानं ओरडावं तसं. आम्ही ते ओरडणं मोजायचो. अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतली की तिच्यावर पट्टे उमटतात. पट्टा जितका काळा, तितका ताण जास्त.

माझ्या पहिल्याच फिल्मवर सायक्लोस्पोरिनचा पट्टा काळाकुट्ट आला.

मी ती फिल्म कुणाला दाखवली नाही. ड्रॉवरला कुलूप लावलं. शेजारच्या मुलीनं "काय आलं रे?" असं सहज विचारलं, तर मला वाटलं ही माझा शोध पळवणार. मॅडमना — म्हणजे माझ्या मार्गदर्शक — त्यांनासुद्धा मी लगेच दाखवली नाही. त्यांनी त्यावर आपलं नाव लावलं तर? असा संशयी झालो होतो मी, आणि संशय मात्र घ्यायला हवा होता तिथं, म्हणजे स्वतःच्या हाताच्या कामावर, घेतला नाही.

चुलतबहिणीचं लग्न होतं. ती फिल्म वहीत घालून मी गावाकडं निघालो. हळद शिजवायचे दिवस होते; वसमत ओलांडताना बसमध्ये तो ओला, मातकट वास शिरला होता. कळमनुरीला दादाच्या खोलीवर उतरलो. वहिनी शेजारी गेली होती. दादानं विचारलं, बाल्या, तू नेमकं करतो काय तिकडं, मला मास्तर लोक इचारत्यात. मी वही उघडली. फिल्म खिडकीच्या उजेडासमोर धरली.

"हा पट्टा दिसला? हे तुझ्या गोळीनं केलंय."

का म्हणालो मी असं? "तुझ्या गोळीनं" — का? "या औषधानं" म्हणता आलं असतं. पण मला त्याच्या चेहऱ्यावर ते बघायचं होतं. आपल्या धाकट्यानं केवढं काय शोधलंय, ते.

दादानं फिल्म हातात घेतली. लहानपणी त्याला कावीळ झाली होती, तेव्हापासून यकृताची त्याला धास्ती. म्हणाला, "म्हंजी ही गोळी माझं लिव्हर खराब करून राहिली का?"

आता बघा. मला इथं "नाही" म्हणता येत होतं. बशीतल्या पेशी वेगळ्या, माणूस वेगळा, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलेलं. पण "नाही" म्हटलं तर माझ्या फिल्मला अर्थ काय राहिला? मी म्हणालो, "तसं नक्की सांगता येत नाही. पण जरा जपून."

जरा जपून. एवढेच दोन शब्द. तेवढ्यात वहिनी आली. मी फिल्म वहीत घातली, आणि आम्ही दोघं लग्नाच्या जेवणावळीबद्दल बोलायला लागलो.

परत गेल्यावर मॅडमनी फिल्म पाहिली आणि दोनच गोष्टी विचारल्या. औषध अल्कोहोलमध्ये विरघळवून घालतोस, तर नुसतं अल्कोहोल घातलेली पेशींची बशी कुठं आहे? आणि तू घातलीस एवढी मात्रा माणसाच्या रक्तात कधी येते का? मी दोन्ही प्रश्न वहीत लिहून घेतले. प्रयोग परत केला. माणसाच्या रक्तात असते तेवढ्या मात्रेला पट्टा फिका आला — औषध न घातलेल्या पेशींइतकाच फिका. मात्रा कित्येक पटींनी वाढवली तेव्हाच तो काळा झाला. मॅडम रागावल्या नाहीत. हसून म्हणाल्या, बरं झालं, आपल्यातच राहिलं.

आपल्यातच राहिलं होतं का?

त्या आठवड्यात मी दादाला फोन केला. होस्टेलखाली एसटीडीचा बूथ होता आणि दादाच्या घरमालकाकडं नुकताच फोन बसला होता. "कसा आहेस?" "मस्त. तू?" "मस्त." मग मेंढरांना कसलीशी साथ आली होती, तिच्याबद्दल बोललो. मायच्या डोळ्यांबद्दल बोललो. "दादा, ते मी चुकीचं सांगितलं होतं" — हे वाक्य मी बूथमध्ये शिरण्याआधी तयार केलं होतं. ते बोललो नाही. मला वाटलं, तो विसरलाही असेल; उगाच आठवण कशाला? आणि "माझा प्रयोग चुकला" हे दादाला सांगायचं — ज्यानं मला मेंढरांमागून काढलं त्याला — नको वाटलं. नंतरही फोन केले. एकदाही नाही बोललो.

दादा विसरला नव्हता. सांजची गोळी तो वहिनीच्या हातातून घ्यायचा, पाण्याचा तांब्या घेऊन अंगणात जायचा आणि गोळी नालीत टाकून चूळ भरायचा. सहा-सात महिने. सकाळची तेवढी घ्यायचा. तो जरा जपत होता.

पावसाळा सरताना त्याला ताप आला, वजन वाढलं, लघवी कमी झाली. शस्त्रक्रिया झाली त्याच दवाखान्यात त्याला नेलं; मीही तिथं पोचलो. डॉक्टर आले तेव्हा वहिनी खाली कागद करायला गेली होती. खोलीत दादा आणि मी. डॉक्टर म्हणाले, रक्तात औषधाचं प्रमाण निम्म्याहून खाली आहे, शरीरानं मूत्रपिंड नाकारायला घेतलंय. गोळ्या चुकवल्या का?

दादा म्हणाला, "न्हाई." आणि माझ्याकडं पाहिलं.

त्या पाहण्यातच मला सगळं कळलं. तो बोलण्याआधी कळलं. डॉक्टर माझ्याकडं वळले. म्हणाले, तुम्ही याच विषयातले ना? घरी नीट घेतात का?

मी म्हणालो, "हो. वहिनी स्वतः हातावर ठेवते. मी पाहिलंय."

खोटं नव्हतं, नाही का? वहिनी हातावर ठेवतच होती. असं खोटं फार टिकतं.

डॉक्टरांनी कपाळाला आठी घातली. "मग औषधच बनावट असेल. हल्ली फार येतंय. कुठून घेता तुम्ही?"

"वसमतहून," मी म्हणालो.

डॉक्टर गेल्यावर दादानं मला जवळ बोलावलं. हळू आवाजात गोळी कशी टाकायचा ते सांगितलं. मग म्हणाला, "तुझं नाव निघाया नको, बाल्या. तुझं शिक्षण हाय. मी बरा झालो की सुनंदाला मीच सांगतो समदं." मी मान हलवली. मला वाचवायला त्या आजारी माणसानं स्वतःच्या बायकोला बरं होईपर्यंत अंधारात ठेवायचं ठरवलं, आणि मला — मला हलकं वाटलं. हो, तेव्हा हलकंच वाटलं होतं.

इंजेक्शनं दिली, गोळ्या वाढवल्या. मूत्रपिंड गेलं ते गेलं. दादाला आठवड्यातून दोनदा नांदेडला रक्त शुद्ध करायला न्यावं लागायचं. औषध बनावट असावं हे डॉक्टरांचं बोलणं घरात पोचलं होतं; माय आणि आबा कळमनुरीच्या खोलीवर राहायला आले. आणि त्या एका खोलीत जे सुरू झालं ते मी सुट्टीत येऊन बघायचो. दादा दर वेळी मला हळूच म्हणायचा, जरा उठून बसू दे, मंग सांगतो सुनंदाला.

माय गोळ्यांची पाकिटं हुंगायची. म्हणायची, वास कमी येऊन राहिला. आबा पाकिटांवरचे आकडे मला वाचायला लावायचे, आपल्याला वाचता येत नाही याचा वहिनी फायदा घेते, असा त्यांना संशय यायचा. वहिनी चहा ठेवायची तर माय उठून साखरेचा डबा बघायची. वहिनी माहेरी फोन करायला गेली की कुणीतरी मागं जायचं. शेजारची बाई एकदा मला अंगणात गाठून म्हणाली, भाऊ, काहून असं करलं असंल हो तिनं? स्वतःचं काळीज काढून दिल्यावानी दिलं, अन् मंग असं? — पाहा, तिनं केलंय हे त्यांचं ठरूनही गेलं होतं. का केलं, एवढंच शोधायचं बाकी होतं. कुणी म्हणे भावाचा फायदा. कुणी म्हणे मूलबाळ नाही, जीव उडाला असेल.

आणि वहिनी? ती दिलीपला शपथा घालून विचारायची. तोही शपथा घ्यायचा. तिला कुणावर विश्वास ठेवावा कळत नव्हतं. ज्याच्यावर कुणाचाच संशय नव्हता असं घरात एकच माणूस होतं — मी. तिला वाटायचं भाऊजी शास्त्रज्ञ आहेत, भाऊजी खरं काय ते शोधतील. मला संशय यायचा तो असा, की तिला सगळं माहीत असावं आणि ती माझी परीक्षा बघत असावी. मी तिच्या डोळ्यांत ते शोधायचो. नव्हतं तिथं काही.

मग आबांनी तो तोडगा काढला. उरलेल्या पाकिटातल्या चार गोळ्या त्यांनी फडक्यात बांधून माझ्या हातात दिल्या. "तुज्या तिकडं मशीन हायती ना? तपासून आण. तू सांगशील ते खरं."

मी नेल्या. आता मी त्या गोष्टीपाशी आलोय.

औषध तपासायची यंत्रं आमच्याकडं नव्हती. तसं सांगता आलं असतं. पण माझ्याकडं पेशी होत्या. एका रविवारी, प्रयोगशाळेत कुणी नसताना, मी कॅप्सूल फोडली, अल्कोहोलमध्ये विरघळवली आणि यकृताच्या त्याच पेशींवर घातली. शेजारी आमच्या बाटलीतलं शुद्ध सायक्लोस्पोरिन, तेवढ्याच मात्रेचं. शेजारी नुसतं अल्कोहोल. शेजारी काहीच न घातलेली बशी. प्रत्येकाच्या तीन-तीन बश्या केल्या. मात्रा मुद्दाम मोठी ठेवली, जिथं पट्टा काळा येतो तेवढी. इतका नेटका प्रयोग मी पीएचडीतसुद्धा केला नाही.

फिल्म धुतली. वसमतच्या गोळीचा पट्टा आणि बाटलीतल्या शुद्ध औषधाचा पट्टा — दोन्ही सारखेच काळे. नुसत्या अल्कोहोलचा फिका. औषध खरं होतं. पुरेपूर खरं होतं.

मी ती फिल्म कात्रीनं कापली आणि कचऱ्यात टाकली.

का? मी तुम्हाला सांगू शकेन की मी घाबरलो होतो; पीएचडी जाईल असं वाटलं; दादानंच गप्प राहायला सांगितलं होतं. हे सगळं खरं आहे. आणि हे सगळं मी त्या वेळी मनात एकदाही म्हटलं नव्हतं. मी फक्त एवढा विचार केला, की गोळी खरी निघाली तर पुढचा प्रश्न दादाकडं जाईल, आणि दादाकडून माझ्याकडं.

गावी आलो तेव्हा दादा नांदेडला दवाखान्यात भरती होता; नळी लावलेल्या जागेतून जंतू शिरले होते. कळमनुरीच्या खोलीपुढच्या अंगणात सकाळच्या उन्हात सगळे बसले. आबा, माय, वहिनी. दिलीपलाही बोलावून घेतलं होतं. तो मोटरसायकलवरून आला आणि उभाच राहिला, कुणी बस म्हटलं नाही.

आबा म्हणाले, "सांग."

मी म्हणालो, "औषधात दम नव्हता."

असंच म्हणालो. चार शब्दसुद्धा नाहीत. दिलीपचा चेहरा राखेसारखा झाला. "भाऊजी, नांदेडच्याच माणसाकडून माल येतो आमच्याकडं. बराबर बघितलं का तुमी? परत एकदा बघा की." त्याच्या आवाजात राग नव्हता, विनंती होती. मी म्हणालो, "तीनदा बघितलं." तेही खरंच होतं.

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं नाही. ती दिलीपकडं पाहत होती. मग उठली, त्याच्यासमोर गेली आणि म्हणाली, "जा तू हितून. आजपासून मला भाऊ न्हाई."

तो गेला. त्याचं दुकानातलं कामही गेलं, ते आबांनी वसमतला जाऊन घालवलं. मग तो कुठंतरी परराज्यात कारखान्यात लागला, असं कानावर आलं. आणि आबांनी वहिनीला सांगितलं, तू दवाखान्यात यायचं न्हाई. तुज्या हातचं पानी बी त्याला नगं.

नांदेडला दादाजवळ माय थांबली. मी दोन दिवस होतो. दादाला धाप लागत होती, बोलणं तुटक झालं होतं. त्यानं विचारलं, "सुनंदा काहून येत न्हाई?"

"तिला ताप आलाय," मी म्हणालो. "इथं जंतू नको म्हणून डॉक्टरांनीच नको सांगितलंय."

"बरं," तो म्हणाला. "आली की मला उठव. झोपलो असलो तरी उठव. तिला सांगायचं हाय."

काय सांगायचं होतं ते मला माहीत होतं. कळमनुरी तिथून किती दूर? सकाळी निघालेला माणूस तिला घेऊन दुपारच्या आत परत येतो. मी त्याच्या पलंगाशेजारी बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचं काम सांगून निघून गेलो. त्यानंतर आठवडाभरात दादा वारला. ती त्याला पाहू शकली ते घरी आणल्यावर.

मला पदवी मिळाली. प्रबंधाच्या पहिल्या पानावर मी दादाचं नाव घातलं आहे. मॅडमना ते वाचून भरून आलं होतं. पुढं संशोधन सोडलं, आपल्याच जिल्ह्यात कॉलेजला लागलो. लोकांना वाटतं भावाच्या ओढीनं परत आला. वाटू दिलं.

वहिनीला अनुकंपेवर शिपायाची नोकरी मिळाली, कळमनुरीतच. आबांनी तिला घरात परत घेतलं नाही. माहेरी ती स्वतः गेली नाही. एकच मूत्रपिंड, जेवणाचं पथ्य, डोक्यावर घागर उचलायची नाही — हे सगळं तिनं एकटीनं सांभाळलं. मी तिच्याकडं जात नसे. सणाला नाही, दुखण्याला नाही. कामं असतात, असं मी म्हणायचो. कुणाला म्हणायचो? कुणी विचारतही नव्हतं.

पाच-सहा वर्षांनी कळमनुरीच्या स्टँडवर ती भेटली. बाजाराचा दिवस, पाय ठेवायला जागा नव्हती. तिनंच मला ओळखलं. केस पांढरे झाले होते. "भाऊजी, वाळले की हो तुमी," म्हणाली. लेकरं किती, मायचे डोळे कसे, सगळं विचारलं. माझ्याकडून उत्तरं आली. मग जरा जवळ सरकून, कुणी ऐकू नये अशा आवाजात तिनं विचारलं, "भाऊजी, एक इचारू? दिलीपची चिठ्ठी आली व्हती. अजून शपथ घालतो. त्या गोळ्या… खरंच खोट्या व्हत्या का हो?"

भोवती शेकडो माणसं. दादा नाही, मॅडम नाहीत, पदवी मिळून गेलेली, नोकरी पक्की. आता कोण मला काय करणार होतं? माझं काहीही जाणार नव्हतं. तिला तिचा भाऊ परत मिळणार होता.

मी म्हणालो, "हो वहिनी. खोट्या होत्या."

तिनं मान हलवली. "मंग माझ्याच हातानं गेले म्हणायचे," असं म्हणाली. रडली नाही. पदरानं तोंड पुसलं.

तेवढ्यात माझी हिंगोलीची बस लागली आणि गर्दी दाराकडं धावली. मी मागंच राहिलो. वहिनी त्या लोंढ्यातून वाट काढत बसच्या बाजूला गेली, टाचा उंचावून तिनं आपल्या हातातली बाजाराची पिशवी खिडकीतून आतल्या सीटवर टाकली आणि मला हात करून ओरडली, "भाऊजी, या लवकर, जागा धरली तुमची!"

मी आत गेलो. पिशवी उचलून खिडकीतून तिच्या हातात दिली, आणि त्या जागेवर बसलो.